झाकणाला पाणी घालणारा

आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक लोखंडी झाकण आहे. परातीएवढं, गंजून तांबूस झालेलं. रोज सकाळी, ऊन मागच्या भिंतीवर चढायच्या आधी, एक म्हातारा माणूस पत्र्याची झारी घेऊन तिथे येतो. कमरेत वाकून झाकण उचलतो, हलक्या हाताने बाजूला ठेवतो आणि आत पाणी ओततो. एक झारी, मग दुसरी. झारीच्या तोंडावरची जाळी त्याने कधीच काढून टाकली आहे. जाळी रोपांसाठी असते म्हणतो, इथे धार लागते. तहानलेल्या माणसाच्या घशातून पाणी उतरावं तसा आवाज आतून येतो. तो आवाज संपेपर्यंत म्हातारा हलत नाही. मग झाकण ठेवतो, त्यावरून एकदा तळहात फिरवतो आणि घरात जातो.

त्या खड्ड्यात काहीही लावलेलं नाही. झाड नाही, वेल नाही, गवताची काडी नाही.

घरात नवीन भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात त्याला वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. दुसऱ्या आठवड्यात तो धीर करून विचारतो. तिसऱ्या आठवड्यापासून चेष्टा करू लागतो. मीही तसंच केलं होतं.

"काय काका, उगवलं का काही?"

"उगवत नाही म्हणून तुम्ही विचारायला उरलात," असं त्याचं ठरलेलं उत्तर. ते देताना तो वर बघतसुद्धा नसे.

म्हातारा जन्मभर वायरमन होता. पण गल्लीत त्याला कोणी वायरमन म्हणत नाही, माळीबुवा म्हणतात. हे नाव त्याच्या बायकोनेच पाडलं. आम्ही सगळे तिला काकू म्हणतो. कोणी दारात येऊन "काका आहेत का" असं विचारलं की काकू आतूनच सांगायच्या, "माळीबुवा बागेत आहेत. लोखंडाला पालवी फुटली की येतील." पुढे पुढे पोस्टमनही माळीबुवांचं पत्र म्हणून पाकीट टाकू लागला.

माळीबुवाला या नावाचा राग नव्हता. राग यायला आपल्या कामाविषयी मनात कुठेतरी शंका असावी लागते. त्याला ती नव्हती.

खड्ड्याची गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. नवरा-बायको या घरात राहायला आले तेव्हाही घर जुनंच होतं. भिंतींवरून लाकडी पट्ट्या, पट्ट्यांतून कापडी वेष्टणाची वायर, आणि प्रत्येक खोलीत दोन भोकांचं एकुलतं एक सॉकेट. माळीबुवाला एक खोड आहे. कुणाकडे पहिल्यांदा गेला की तो आधी सॉकेटकडे बघतो, मग माणसांकडे. लग्नानंतर पहिल्यांदा काकूंच्या माहेरी गेला तेव्हा सासूबाई पाणी घेऊन बाहेर आल्या, तर जावई स्टुलावर उभा राहून फ्यूज बदलत होता. काकू सांगतात, "माझ्या आईने मला आत बोलावून विचारलं, हे राहायला आलेत की दुरुस्तीला."

तर या घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने सॉकेट बघितलं आणि सामान दारातच ठेवून घरमालकाकडे गेला. मालक तेव्हा हयात होते.

"मालक, घराला अर्थिंग नाही."

"घराला छप्पर आहे," मालक म्हणाले. "तेवढ्यावर इतकी वर्षं चाललंय."

माळीबुवाने त्यांना आपल्या उस्तादाचं वाक्य ऐकवलं. उस्ताद म्हणजे ज्याच्या हाताखाली तो पोरवयात काम शिकला तो म्हातारा वायरमन. तो म्हणायचा, करंट हा घरी आलेला तापट पाहुणा आहे. त्याला आल्या वाटेने नीट जाऊ द्यावं. पण कधी तो वाट चुकला, इस्त्रीच्या पत्र्यावर नाहीतर मोटारीच्या अंगावर येऊन बसला, तर त्याला जमिनीत उतरायला एक मागचं दार ठेवावं. मागचं दार नसेल तर जो पहिला हात लावेल त्याच्या अंगातून तो वाट काढतो.

मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाक्य चांगलं आहे. खड्डा मात्र नको."

महिन्याभरात मालकीणबाईंना इस्त्रीचा झटका बसला. फार मोठा नाही, पण इस्त्री खोलीच्या एका टोकाला आणि बाई दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या दिवशी मालक स्वतःच कुदळ घेऊन माळीबुवाच्या दारात आले.

सलग चार रविवार माळीबुवा खणत होता. कमरेएवढं झालं, छातीएवढं झालं, मग तो दिसेनासा झाला आणि नुसती घमेली वर येऊ लागली. मालक काठावर खुर्ची टाकून बसत. "पाणी लागलं तर सांगा, नळ बंद करून टाकतो," म्हणत. तळाशी त्याने जाड पत्रा उभा केला, त्याला पाइप जोडला, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने भरलं. पाइपाच्या तोंडाशी बोल्टने जस्ती तार आवळली. ती तार जमिनीखालून भिंतीच्या पायथ्याशी आणली, तिथून मागच्या भिंतीवर चढवली आणि क्लॅम्प ठोकत ठोकत पार टोकाच्या मीटरच्या पेटीपर्यंत नेली. नऊ क्लॅम्प. सुतात. मग सगळ्या खोल्यांत तीन भोकांची सॉकेट बसवली. वरचं मोठं भोक त्या तारेचं.

काम सोपवायची उस्तादाची एक रीत होती, तीही त्याने पाळली. आधी बल्ब लावून परीक्षा. मग चपला काढायच्या, अनवाणी पायाने जमिनीवर उभं राहायचं, आणि चालू यंत्राच्या पत्र्यावर आपला उघडा तळहात ठेवायचा. आधी आपला हात, मग गिऱ्हाइकाचा. "बल्ब आधी, हात शेवटी," उस्ताद बजावत असे. "उलटं करणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही."

मालकीणबाईंच्या इस्त्रीवर त्याने तळहात ठेवला तेव्हा इस्त्री तापलेली आहे हे तो विसरला होता. त्याचा फोड आठ दिवस राहिला. मालक हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. पण झटका बसला नाही, तो नाहीच बसला.

तेव्हापासून पाणी. कोरडी माती करंट पीत नाही, ओली पिते, म्हणून झारी. ताप असला तरी झारी, पाहुणे असले तरी झारी. मालक वारले त्या दिवशीही सकाळी माळीबुवा डोळे पुसत खड्ड्यापाशी उभा होता. घरात कुणालाही वीज, मीटर, फ्यूज यातलं काहीही विचारा, उत्तर खड्ड्यावर येऊन थांबे. "खाली खड्डा आहे ना आपला," तो म्हणे, जसं कुणी म्हणावं, वर आकाश आहे ना आपलं.

आता या घरातल्या माणसांची एक गंमत सांगायला हवी. त्यात मीही आलो.

मागच्या दहा-अकरा वर्षांत घरात यंत्रं आली. फ्रिज आले, गिझर आले, धुण्याची मशीन आली. आणि त्यांच्याबरोबर मुंग्या आल्या. पत्र्याला हात लागला की बोटांत बारीक झिणझिण्या. कधी येत, कधी नाही. माणूस हा सवयीचा गुलाम. खाली पुढच्या खोल्यांत राहणाऱ्या मालकीणबाई नळ सोडताना रबरी चपला घालू लागल्या. त्या म्हणत, "जुनं घर आहे, थोडं बोलतं." मी वर पुढच्या खोलीत राहतो. माझ्या फ्रिजच्या मुठीला मी लोकरीचा एक मोजा चढवला होता. पाहुणे विचारत, याला थंडी वाजते का. मी हो म्हणत असे.

माळीबुवाकडे प्रत्येक तक्रारीला औषध होतं. मालकीणबाईंना तो म्हणाला, तुमची कातडी वयाने पातळ झाली. मला म्हणाला, तुमचा फ्रिज हलक्या जातीचा. अर्थिंगची शंका काढली तर तो नुसता बघे. मी एकदा काढून पाहिली. त्याने मला हाताला धरून खड्ड्यापाशी नेलं, झाकण उघडलं आणि पाइपाच्या तोंडाशी आवळलेला बोल्ट दाखवला. वंगण लावलेला, लखलखीत. "याच्याकडे बघून बोला," म्हणाला. मी बघितलं आणि वर येऊन मोजा नीट केला. पुढे एकदा मालकीणबाईंनी कुठे ऐकलं की गळणारा करंट ओळखून आपोआप वीज तोडणारा एक स्विच मिळतो. माळीबुवा म्हणाला, "खड्डा नाही त्याने घ्यावा."

अशात वरच्या मागच्या खोल्यांत शिवणताई राहायला आली. कपडे शिवते म्हणून शिवणताई. नवरा ट्रकवर, महिन्यातले चार-सहा दिवस घरी. बाकी दिवस ती, तिचं शिलाई मशीन, धुण्याचं मशीन, आणि अकरा महिन्यांची मुलगी. मुलगी नुकती धरून धरून उभी राहायला शिकली होती. जे समोर येईल ते धरून. खाट, पिंप, आईचा गुडघा.

शिवणताईला पहिल्याच आठवड्यात मुंग्या आल्या. ती खाली आली.

"काका, धुण्याच्या मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात."

"हात ओला असेल."

"धुणं धुताना हात कोरडा कसा ठेवायचा ते तुम्हीच सांगा."

काकू आतून फस्सकन हसल्या. माळीबुवाने तिकडे लक्ष न देता कोपऱ्यातली रबरी चटई उचलून शिवणताईला दिली. "हिच्यावर उभी राहत जा. नवीन यंत्र आहे, रुळेल."

"यंत्र माझ्या लग्नातलं आहे, काका."

"मग लग्न रुळेल," काकू आतून म्हणाल्या.

ती चटई घेऊन वर गेली. पंधरा दिवस ती चटईवर उभी राहून धुणं धूत होती.

मग एका सकाळी असं झालं. मशीन चालू होतं. ताई दोन हात पलीकडे पिळे झटकत होती. मुलगी फरशीवरच्या पाण्यातून रांगत मशीनपाशी गेली, दोन्ही पंजे पत्र्यावर ठेवून उभी राहिली आणि झटकन हात मागे घेऊन खाली बसली. रडली नाही. मशीनकडे डोळे बारीक करून बघत राहिली. मग पुन्हा उठली आणि मशीनला एक चापट मारली. पुन्हा हात मागे. पुन्हा चापट. कुणी आपल्याला चिमटा काढला तर आपण सोडत नाही, हे तिला अकराव्या महिन्यात कळलं होतं.

ताईने तिला उचललं, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि तशीच ओल्या हातांनी, मुलीला काखेत घेऊन खाली आली. मी जिन्यात होतो. तिचा चेहरा बघून मीही मागोमाग गेलो.

माळीबुवा दारात बसून झारीची गळती मेणाने बुजवत होता.

"काका," ताई म्हणाली, "मला चटई नको, औषध नको. मला एकच सांगा. ही मुलगी या घरात राहू शकते की नाही? नाही म्हणालात तर मी आजपासून खोली शोधते. हो म्हणालात तर तुमच्या शब्दावर हिला वर खाली सोडते. पण शब्द तुमचा."

माळीबुवाने तोंड उघडलं. हो म्हणायला त्याला किती वेळ लागणार होता. एकतीस वर्षं तो तेच म्हणत आला होता. पण मुलगी त्याच्याकडे बघत होती, आणि तिने हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली. याचंही काही खरं नाही असं तिला वाटलं असावं.

माळीबुवाचा हो ओठांवर आला आणि तिथेच बसला.

त्याने झारी खाली ठेवली. "अगं," तो आत बघून म्हणाला, "माझा परीक्षेचा बल्ब कुठे आहे?"

"कुठला?"

"होल्डरला दोन वायरी लावलेला."

"तो होय. पलंगाखाली ट्रंकेत, तुमच्या कोटाखाली. सात-आठ वर्षांत तुम्ही दोघांनाही हात लावलेला नाही."

बल्ब निघाला. फुंकर मारली तर धूळ उडून माळीबुवालाच शिंक आली. आम्ही सगळे वर गेलो. मालकीणबाईही आल्या, चपला घालून.

त्याने मशीनच्या सॉकेटमध्ये एक वायर उजव्या भोकात धरली, एक डाव्या. बल्ब लख्ख पेटला. म्हाताऱ्याचे खांदे जरा वर झाले. मग डावी काढून त्याने वरच्या मोठ्या भोकात घातली. इथेही बल्ब तसाच पेटायला हवा, हे त्याने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

बल्ब पेटला नाही.

त्याने वायर हलवली. काढली, धोतराला घासली, पुन्हा घातली. बल्बमधली तार लालसुद्धा झाली नाही.

"बल्ब जुना आहे," तो म्हणाला.

"आत्ताच तर पेटला," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग सॉकेट गेलंय."

तो माझ्या खोलीत गेला. फ्रिजच्या मुठीवरचा मोजा बघून क्षणभर थांबला, पण काही बोलला नाही. तिथेही वरच्या भोकात अंधार. मालकीणबाईंकडे अंधार. स्वतःच्या खोलीत अंधार. मीटरच्या पेटीपाशी, जिथे सगळ्या घराची अर्थिंग एकत्र येते, तिथेही अंधार. प्रत्येक ठिकाणी म्हाताऱ्याचा आवाज जरा जरा खाली येत गेला.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितला. वर ताईच्या मुलीने रडायला सुरुवात केली होती.

"खड्डा मेला," तो हळूच म्हणाला. घरातलं कुणी गेल्यासारखं.

तरी त्याने जाता जाता एक शेवटचं केलं. बोर्डावरून एक लांब वायर काढून ती अंगणात नेली, आम्हाला सगळ्यांना चार हात लांब उभं केलं, झाकण उचललं आणि बल्बची दुसरी वायर थेट खड्ड्यातल्या पाइपावर टेकवली.

बल्ब भगभगून पेटला. उन्हातसुद्धा डोळे दिपले.

म्हातारा त्या बल्बकडे बघत राहिला. खड्डा जिवंत होता. एकतीस वर्षांचं पाणी वाया गेलं नव्हतं, जमीन करंट प्यायला तयार बसली होती. आणि घरातलं प्रत्येक वरचं भोक कोरडं. म्हणजे मधेच कुठेतरी वाट तुटली होती.

त्याने वीज बंद केली आणि तार शोधत निघाला. बोल्टपाशी तार होती. जमिनीखाली गेलेली. भिंतीच्या पायथ्याशी जुन्या बादल्यांची चळत रचलेली होती. त्याने बादल्या एकेक करून बाजूला केल्या. तार जमिनीतून वीतभर वर आली होती आणि तिथे संपली होती. टोक पकडीने तोडलेलं, सरळ, स्वच्छ.

समोर दोरीवर ओली चादर वाळत होती. त्याने ती हाताने बाजूला सारली. मागे भिंत. भिंतीवर पहिला क्लॅम्प, रिकामा. दुसरा, रिकामा. तो चादरीमागून, लुगड्यामागून, स्वतःच्या दोन सदऱ्यांमागून वाट काढत मोजत गेला. नऊ क्लॅम्प, सगळे सुतात, आणि एकातही तार नाही.

"चोरी झाली," तो म्हणाला. "माझ्या भिंतीवरून. कोण माणूस असेल तो."

मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मीही बघितलं होतं. पण सांगायचं कुणी. म्हातारा ज्या दोरीला धरून उभा होता ती दोरी नव्हतीच. तार होती. जस्ती तार, अकरा वर्षांच्या ओल्या कपड्यांनी काळवंडलेली, एका हुकापासून खांबापर्यंत ताणलेली. रोज सकाळी झारी घेऊन तो तिच्याखालून वाकून जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

त्याने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अंगठा आणि बोटाने तारेची जाडी चाचपली. हातांना ओळख पटली.

"अगं," त्याने हाक मारली.

काकू बादली घेऊन दारात आल्या.

"ही तार कुठून आणलीस?"

"भिंतीवरची. नुसती पडून होती."

"पडून नव्हती. कामावर होती."

"काम करताना कधी दिसली नाही."

"तिचं काम दिसत नसतं."

"हो का," काकू म्हणाल्या. "तुमच्यावरच गेली म्हणायची."

शिवणताई मुलीला घेऊन जिन्यात उभी होती. तिला हसावं की रडावं कळेना.

"मला विचारायचं तरी," माळीबुवा म्हणाला.

"दोन वर्षं विचारत होते, वाळत घालायला तार आणा, तार आणा. गावभर तारा ओढल्यात, घरच्या बायकोला एक हात तार मिळेना. मग एके दिवशी तुम्ही जेवत होतात. मी विचारलं, ही भिंतीवरची तार कसली, करंट असतो का हिच्यात. काय म्हणालात, आठवतं?"

माळीबुवाला आठवलं. चेहऱ्यावर दिसलंच.

"सांगते मी," काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या. "म्हणाले, सगळ्या घरात बिनधास्त हात लावावा अशी एकच तार आहे, ती ही. मी लावला हात. पकड तुमचीच घेतली."

"पण अर्थिंगची तार, अगं. एवढी वर्षं तुझ्यासमोर..."

"माझ्यासमोर एवढी वर्षं खड्ड्याचंच कौतुक झालं. पाणी, मीठ, कोळसा, बोल्ट. तारेचं नाव तरी काढलंत कधी? मला वाटलं, खड्डा आहे म्हणजे तो खालूनच काय ते बघत असेल."

 म्हाताऱ्याने तारेवरचा आपला सदरा सरळ केला. मग बोल्टकडे बघितलं, मग रिकाम्या क्लॅम्पकडे. अकरा वर्षं त्याने जमिनीकडचं टोक राखलं होतं, घराकडचं टोक एकदाही जाऊन बघितलं नव्हतं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो जिन्यापाशी गेला. शिवणताईच्या समोर उभा राहिला. हा माणूस पाठीत वाकलेला आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"नाही," तो म्हणाला. "तू विचारलंस ना. नाही. आज नाही राहू शकत ती. काल पण नव्हती. मी तुला चटई दिली, ती चूक झाली."

ताईने मान हलवली. "मग मी खोली बघू?"

"मला संध्याकाळपर्यंत वेळ दे. तोवर मशीनचा, गिझरचा, सगळ्याचा प्लग बाहेर. ओल्या पायांनी कुठे हात लावू नको. संध्याकाळी तू स्वतः बघ, आणि मग तुझं तू ठरव. माझ्या शब्दावर ठेवू नको तिला. शब्द बघितलास ना माझा."

मग तो मालकीणबाईंकडे वळला. "बाई, तो वीज तोडणारा स्विचही आणायचा. आजच. मागचं दार असलं तरी दारावर पहारा लागतो."

"खड्डा नाही त्याने घ्यावा, म्हणाला होतात," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य बरीच वर्षं जपून ठेवलेलं असावं.

"म्हणालो होतो."

"आणि मी म्हणत होते, जुनं घर आहे, थोडं बोलतं."

"बोलत नव्हतं, बाई. हाका मारत होतं. मी बहिरा."

दुपारभर काम चाललं. जुनी तार काढायला काकू पुढे झाल्या, तर त्याने हात धरला. "राहू दे. तिला आता त्या कामाची सवय झाली." बाजारातून नवी जाड जस्ती पट्टी आणली. तो शिडीवर, काकू खाली शिडी धरून. काढलेले जुने क्लॅम्प पुसून त्यांनीच एकेक वर दिले.

"तिसरा वाकडा बसतोय."

"एकतीस वर्षांपूर्वीचा आहे तो. तेव्हाही वाकडाच होता."

"तेव्हा तर सुतात म्हणून सांगत होतात."

"तेव्हा तू शिडी धरायला नव्हतीस," तो म्हणाला. काकू गप्प झाल्या, आणि काकू गप्प झाल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

सहाच्या सुमाराला आम्ही सगळे पुन्हा वर जमलो. बल्ब वरच्या भोकात घातला. तो पेटला, डाव्या भोकात पेटतो तसाच. माळीबुवाने एकदा सोडून तीनदा घालून बघितला. माझ्या खोलीत, मालकीणबाईंकडे, स्वतःकडे, सगळीकडे बघितला. नव्या स्विचवरचं परीक्षेचं बटण दाबलं, घराची वीज फट्कन गेली, त्याने ती परत आणली. मग मशीन चालू करायला सांगितलं.

त्याने दाराबाहेर चपला काढल्या. अनवाणी आत आला, ओल्या फरशीवर उभा राहिला. तळहात धोतराला पुसला आणि मशीनच्या पत्र्यावर सपाट ठेवला.  मशीनचा घुर्र आवाज तेवढा. हातावरचा तो जुना इस्त्रीचा डाग मला दिसत होता. त्याने हात काढला नाही. जरा वेळाने हात तसाच ठेवून म्हणाला, "आता तू."

ताईने मुलीला काकूंकडे दिलं, चटई पायाने सरकवून दूर केली आणि हात ठेवला. डोळे मिटले होते. मग उघडले.

"काहीच नाही," ती म्हणाली. इतक्या हळू, की हे तिने स्वतःलाच सांगितलं.

मुलगी काकूंच्या हातातून घसरत खाली उतरली. कुणी तिला अडवायच्या आत मशीनपाशी गेली, एका हाताने आईचा कपडा धरून उभी राहिली आणि पत्र्याला सकाळच्यासारखी चापट मारली. हात मागे घेऊन वाट बघितली. पुन्हा मारली. पुन्हा वाट बघितली. मशीन काही बोललं नाही. मग तिने गाल पत्र्याला टेकवला आणि त्याचा घुर्र आवाज ऐकत उभी राहिली.

माळीबुवाने तोंड दुसरीकडे वळवून खिशातून रुमाल शोधायला घेतला. तो काही त्याला सापडेना. काकूंनी तो त्याच्याच खांद्यावरून काढून त्याच्या हातात दिला.

शिवणताई अजून इथेच राहते. मी फ्रिजचा मोजा काढला, पण त्याचा जोडीदार आता सापडत नाही. मुलगी चालते, पळते, आणि सकाळी झारी उचलायला सगळ्यात आधी तीच अंगणात असते. माळीबुवा पाणी घालतो, झाकण ठेवतो, मग वाळत घातलेल्या कपड्यांमागे जातो आणि भिंतीवरच्या पट्टीवरून हात फिरवत मीटरच्या पेटीपर्यंत चालत येतो. चादरीवरून त्याची सावली सरकताना दिसते.

"सगळे आहेत ना जागेवर?" काकू दारातून विचारतात.

"नऊ," चादरीमागून उत्तर येतं. "आणि पकड कुठे ठेवली आहेस ती मला आधी दाखव."